स्वतंत्र प्रकाशक आणि इतिहासाचीं साधनें

( १ )

इतिहासविषयक पुस्तकें, नियतकालिकें आणि मुलांसाठीं चित्रकथा काढणारे लहान लहान स्वतंत्र प्रकाशक आज महाराष्ट्रांत बरेच दिसतात. त्यांच्यापाशीं ना सरकारी अनुदान, ना विद्यापीठाचा आश्रय, ना मोठ्या पेढीचें भांडवल. एखादा शिक्षक, एखादा वकील, एखादा गडकोट पालथे घालणारा तरुण पदरमोड करून पुस्तक काढतो, आणि पहिल्या आवृत्तीचा खर्च निघाला कीं दुसऱ्या पुस्तकाच्या खटपटीस लागतो. या उद्योगाकडे जाणते लोक दोन तऱ्हांनीं पाहतात. कित्येकांस तो हौशी, म्हणून त्याज्य वाटतो. कित्येकांस तो लोकप्रिय, म्हणून स्तुत्य वाटतो. आम्हांस हे दोन्ही अभिप्राय अपुरे वाटतात. कारण मराठ्यांच्या इतिहासाचें जें शास्त्र आपण आज मानतों, त्याचा पाया अशाच हौशी, स्वतंत्र व पदरमोड करणाऱ्या प्रकाशकांनीं घातलेला आहे. त्यांनीं कोणत्या परिस्थितींत, कोणत्या रीतीनें व कोणत्या शिस्तीनें छापलें, हें आधीं पाहावें आणि मगच आजच्यांस कोणती कसोटी लावावी तें ठरवावें, हा मार्ग आम्हांस योग्य वाटतो. कोल्हापूर, मिरज व सातारा या टापूवर विशेष दृष्टि ठेवून हाच विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थ प्रथम ठरविला पाहिजे. ज्याचें तंत्र स्वतःच्या हातीं तो स्वतंत्र, अशी या शब्दाची सरळ फोड आहे. कोणताहि प्रकाशक सर्वस्वी निरवलंब नसतो. कागदवाला, छापखाना, टपालखातें आणि वर्गणीदार यांच्यावर तो अवलंबून असतोच. परंतु काय छापावें, काय ठेवावें, काय वगळावें, याचा निर्णय ज्याच्या हातीं असतो, त्यास आम्ही स्वतंत्र म्हणतों. पैसा दुसऱ्याचा असला तरी चालेल. निवड दुसऱ्याची असतां कामा नये. हा भेद ध्यानांत ठेविल्यास पुढील विवेचन सुलभ होईल.

( २ )

इ. स. १८१८ त पेशवाई बुडाली व पुण्याचें दफ्तर इंग्रज सरकारच्या ताब्यांत गेलें. त्यानंतर आठ वर्षांनीं, १८२६ सालीं, साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधि म्हणून राहिलेल्या ग्रँट डफचा तीन खंडांचा इतिहास विलायतेंत प्रसिद्ध झाला. पुढें चाळीस वर्षेंपर्यंत मराठ्यांचा इतिहास म्हणजे ग्रँट डफचा इतिहास, असें समीकरण होऊन बसलें. १८६७ सालीं नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्यानें त्या ग्रंथावर टीकात्मक निबंध लिहिला, तेव्हां हें समीकरण प्रथम डळमळलें. दोन वर्षांनीं, १८६९ त, जोतीराव फुले यांनीं शिवाजी महाराजांवरील आपला पवाडा प्रसिद्ध केला. दोघांच्या दृष्टि अत्यंत भिन्न. तथापि आपला इतिहास आपण आपल्या भाषेंत सांगावा, सरकारी ग्रंथावर भिस्त ठेवूं नये, या मुद्द्यावर दोघेहि एकाच बाजूस उभे होते.

परंतु टीकेनें पोकळी दाखवितां येते, ती भरतां येत नाहीं. ग्रँट डफ चुकला असें म्हणावयाचें तर खरें काय तें कागदांवरून दाखविलें पाहिजे. आणि कागद तर सरकारी कुलुपांत. पेशवे दफ्तर खाजगी संशोधकांस दीर्घकाळ मोकळें नव्हतें. त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं सरकारनें १९३० ते १९३४ या काळांत छापले. म्हणजे पेशवाई बुडाल्यावर शंभराहून अधिक वर्षांनीं. मधल्या शतकांत अभ्यासकांस दोनच वाटा मोकळ्या होत्या. एक, हस्तलिखित बखरी व काव्यें गोळा करणें. दुसरी, जुन्या सरदार घराण्यांच्या, मुत्सद्द्यांच्या व देशमुख-कुळकर्ण्यांच्या घरचीं दफ्तरें धुंडाळणें. सरकारचा दरवाजा बंद होता म्हणूनच खाजगी माळ्यावरचे पेटारे उघडले, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. स्वतंत्र प्रकाशन हा त्या पिढीच्या स्वभावाचा गुण होता तितकाच परिस्थितीनें घातलेला निर्बंधहि होता.

( ३ )

या प्रयत्नांतील पहिला मोठा टप्पा म्हणजे १८७८ सालीं पुण्यास निघालेलें 'काव्येतिहाससंग्रह' हें मासिक. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर तुकाराम शाळिग्राम या तिघांनीं तें चालविलें. सान्यांनीं ऐतिहासिक लेख, मोडकांनीं संस्कृत काव्य व शाळिग्रामांनीं मराठी काव्य, अशी कामाची वांटणी असे. सुमारें अकरा वर्षें चालून १८८८ सालीं तें बंद पडलें. एवढ्या अवधींत सभासदाची बखर, भाऊसाहेबांची बखर, चिटणिसांच्या बखरी आणि पत्रें-यादी यांसारखें जें साहित्य त्यानें उजेडांत आणलें, त्यावर पुढच्या दोन पिढ्या पोसल्या.

येथें एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. या मंडळींनीं पुस्तकें न काढतां मासिक कां काढलें? उत्तर हिशेबांत आहे. पुस्तक छापावयाचें तर कागद, जुळणी, छपाई व बांधणी यांचा सगळा खर्च एकदम आधीं करावा लागतो आणि विक्रीचे पैसे थेंबाथेंबानें मागाहून येतात. मासिकाची वर्गणी आधीं येते व छपाई महिन्याच्या महिन्यास होते. म्हणजे वाचक हाच भांडवलदार होतो. म्हणून मासिकाच्या प्रत्येक अंकांत एकाच वेळीं अनेक ग्रंथांचे थोडे थोडे फर्मे देत, व प्रत्येक ग्रंथाचे पृष्ठांक निराळे चालवीत. वर्ष-दोन वर्षांनीं वर्गणीदारानें अंक उसवून त्या त्या ग्रंथाचीं पृष्ठें एकत्र बांधून घ्यावीं, अशी योजना असे. जुन्या वाचनालयांत ज्याचें मुखपृष्ठ नाहीं, किंमत नाहीं, आणि जें मध्येंच एका पानावर तुटलें आहे असें बाड सांपडतें, तें बहुधा या पद्धतीचें अपत्य असतें.

टपालखात्यानें या योजनेस नकळत मोठाच हात दिला. किंमत वसूल करून पुस्तक देणारी व्ही. पी. ची सोय हिंदुस्थानांत १८७७ सालीं सुरू झाली व १८८० पासून मनिऑर्डरी पोस्टांतून जाऊं लागल्या. त्यापूर्वीं पुण्या-मुंबईच्या दुकानापर्यंत ज्याचा हात पोंचे तोच ग्राहक. त्यानंतर चिपळूण, वाई, गडहिंग्लज येथील मास्तर व मामलेदार कचेरींतील कारकूनहि ग्राहक होऊं शकला. इतिहाससंशोधनाच्या इतिहासांत पोस्टमनाचें नांव कोणी घेत नाहीं. तें घेतलें पाहिजे.

( ४ )

दुसरें उदाहरण आमच्या शेजारच्या मिरजेचें. वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या शाळेंत संस्कृताचे शिक्षक. नाना फडणविसांचें त्यांचें चरित्र १८९२ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच सुमारास पटवर्धन घराण्याच्या दफ्तरांतील हजारों कागद त्यांच्या पाहण्यांत आले. पटवर्धन हे पेशव्यांचे कर्नाटकाकडील मुख्य सरदार. मोहिमेवर गेलेला पुरुष घरीं व घरचे लोक छावणीस वरचेवर पत्रें धाडीत, आणि अशीं पत्रें जपून ठेवण्याची त्या घराण्याची रीत होती. १८९७ सालापासून खऱ्यांनीं तीं 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नांवानें क्रमशः छापण्यास आरंभ केला व १९२४ सालीं देहावसान होईपर्यंत बारा खंड पुरे केले. पुढील खंड त्यांच्या चिरंजीवांनीं काढले.

खऱ्यांच्या पद्धतींत शिक्षक दिसतो. मिळालेला कागद जसाच्या तसा छापून ते थांबत नाहींत. ते पत्रें निवडतात, कालानुक्रमानें लावतात, आणि प्रत्येक प्रकरणाच्या आरंभीं त्या काळचा राजकीय गोषवारा सोप्या भाषेंत देतात. शाळेंतील मुलानेंहि तो गोषवारा वाचून मग पत्रांत शिरावें, इतका तो सुगम असतो. कोल्हापूरच्या इतिहासास तर या खंडांचें ऋण विशेष आहे. पटवर्धन व करवीर दरबार यांचें वैर जुनें. १७९९ सालीं परशुरामभाऊ पटवर्धन कोल्हापूरकरांशीं लढतांनाच पडले. तेव्हां अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील करवीरच्या कित्येक घडामोडींची तारीखवार हकीकत आपणांस शत्रूच्या पत्रांतून मिळते. शत्रूचा कागद गुण झांकील, परंतु मुक्काम व तारीख सहसा चुकविणार नाहीं; कारण त्या दोन गोष्टींवर त्याचा स्वतःचा जीव अवलंबून असतो.

विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांची तऱ्हा निराळी. १८९४ सालीं त्यांनीं 'भाषांतर' नांवाचें मासिक काढलें. तें तीनएक वर्षेंच चाललें. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं वाईस छापला गेला. त्यांत पानिपतापूर्वींच्या दहा-अकरा वर्षांतील पत्रें आहेत, व त्यांस जोडलेली विस्तृत प्रस्तावना हा स्वतंत्र निबंधच आहे. मालेचे एकंदर बावीस खंड निघाले. ते एका गांवीं, एका छापखान्यांत किंवा एका मालकाच्या नांवावर निघालेले नाहींत. जेथें छापणारा मिळे तेथें खंड निघे. खरे निवड करीत. राजवाड्यांचा कल कागद समग्र छापण्याकडे असे. एकाच्या ग्रंथांत वाट सांपडते, दुसऱ्याच्या ग्रंथांत रान सांपडतें. अभ्यासकास दोहोंची गरज असते.

तिसरे दत्तात्रय बळवंत पारसनीस, साताऱ्याचे. १८९४ सालीं झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंचें चरित्र, १८९८ सालीं 'भारतवर्ष', आणि १९०८ ते १९१६ पर्यंत 'इतिहाससंग्रह' हें मासिक, अशी त्यांची कामगिरी. पारसनीस संस्थानिकांशीं व सरकारशीं सलोखा राखून असत. त्यामुळें त्यांस स्वतंत्र म्हणावें कीं नाहीं याविषयीं मतभेद होईल. परंतु या सलोख्याचें एक फळ नाकारतां येत नाहीं. त्यांच्या संग्रहास साताऱ्यांत वस्तुसंग्रहालयाची इमारत मिळाली व १९३९ सालीं तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत सुरक्षित गेला. उलट राजवाड्यांचें दप्तर टिकविण्यासाठीं त्यांच्या मृत्यूनंतर धुळ्यास निराळें संशोधन मंडळ उभारावें लागलें. स्वातंत्र्यानें निवड सुरक्षित राहते, संग्रह सुरक्षित राहतोच असें नाहीं. ही गोष्ट आजच्या स्वतंत्र प्रकाशकानेंहि मनाशीं बाळगावी.

( ५ )

आतां कोल्हापुराकडे वळूं. रसायन व पदार्थविज्ञान यांवर मराठींत लिहिणारे बाळाजी प्रभाकर मोडक यांनीं येथें राहून या प्रांतांतील संस्थानांच्या इतिहासावरहि लेखन केलें. परंतु प्रकाशनसंस्था म्हणून ज्याची गणना करावी तो उद्योग विष्णु गोविंद विजापूरकर यांचा. राजाराम कॉलेजांत अध्यापक असतां त्यांनीं १८९४ सालीं 'ग्रंथमाला' मासिक सुरू केलें. नांवाप्रमाणेंच तें ग्रंथांची माला होतें; वर सांगितलेल्या फर्म्यांच्या पद्धतीनें त्यांतून अनेक विषयांवरचे ग्रंथ निघाले. राजवाड्यांच्या साधनांचे कांहीं खंड व त्यांचे कित्येक निबंध या मालेंतूनच लोकांसमोर आले. पुण्यापासून दूर, एका संस्थानच्या राजधानींत, वर्गणीच्या आधारावर असें मासिक दहा-बारा वर्षें चालावें, ही सामान्य गोष्ट नव्हे.

विजापूरकरांचीं सर्वच मतें आम्हांस मान्य आहेत असें नाहीं. वेदोक्ताच्या वादांत ते शाहू महाराजांच्या विरुद्ध पक्षांत उभे राहिले. त्या वादांत न्याय कोणत्या बाजूस होता याविषयीं आज आम्हांस शंका वाटत नाहीं, आणि तो विजापूरकरांच्या बाजूस नव्हता. परंतु प्रकाशकाचें मूल्य त्याच्या मतांवरून ठरवूं लागलों तर इतिहासाचीं निम्मीं साधनें आपणांस बाहेर टाकावीं लागतील. त्यानें छापलेला कागद अस्सल आहे कीं नाहीं, हा प्रश्न निराळा. त्यानें त्यावर काढलेला निष्कर्ष ग्राह्य आहे कीं नाहीं, हा निराळा.

१९०६ सालीं विजापूरकरांनीं 'विश्ववृत्त' हें दुसरें मासिक काढलें. वामन मल्हार जोशी, जे पुढें कादंबरीकार व तत्त्वचिंतक म्हणून प्रसिद्धीस आले, ते त्याचें संपादन पाहत. १९०८ सालीं श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेविषयींचा लेख त्यांत छापला गेला. वेदमंत्रांच्या विवेचनांत राज्यकर्त्यांस राजद्रोह दिसला. खटला झाला, आणि विजापूरकर व जोशी यांस तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली. मासिक अर्थातच संपलें. ज्या लेखाचा विषय दोन-तीन हजार वर्षांपूर्वींच्या ऋचा, त्या लेखापायीं विसाव्या शतकांतील दोन अध्यापक तुरुंगांत गेले, हें ध्यानांत घेतलें म्हणजे जुना विषय निरुपद्रवी असतो हा भ्रम दूर होतो.

याच शहरांत पुढें ऐंशी वर्षांनीं आणखी एक उदाहरण घडलें. कोल्हापूरचे वकील व कम्युनिस्ट कार्यकर्ते गोविंद पानसरे यांची 'शिवाजी कोण होता?' ही पुस्तिका १९८८ सालीं लोकवाङ्मय गृहानें प्रसिद्ध केली. आकारानें अगदीं लहान, किंमतीनें स्वस्त. तिच्या प्रती लाखावर गेल्या व अनेक भाषांत तिचीं भाषांतरें झालीं. फेब्रुवारी १९१५ नव्हे, २०१५ च्या फेब्रुवारींत, म्हणजे स्वराज्य मिळून सदुसष्ट वर्षें झाल्यावर, पानसऱ्यांवर कोल्हापुरांत गोळ्या झाडण्यांत आल्या व त्यांतच त्यांचा अंत झाला. त्यांच्या प्रतिपादनाशीं कोणी सहमत असो वा नसो, ग्रंथास उत्तर ग्रंथानें द्यावें ही विद्वानांची प्राचीन रीत आहे. पूर्वपक्ष संपूर्ण व प्रामाणिकपणें मांडल्यावांचून उत्तरपक्षास तोंडहि उघडूं न देणारी शास्त्रपरंपरा ज्या भूमींत वाढली, त्या भूमींत तरी तिचें विस्मरण होऊं नये.

( ६ )

स्वतंत्र प्रकाशकांनीं छापलेलें सर्वच बरोबर होतें काय? मुळींच नाहीं. किंबहुना त्यांचें खरें श्रेय असें कीं, त्यांनीं छापलेल्या साधनांनींच त्यांच्या काळच्या समजुती पुढें खोट्या पाडल्या. दोन उदाहरणें देतों.

बखरींवरून शिवाजी महाराजांचें जन्मवर्ष सामान्यतः शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, धरीत. १९१६ सालीं टिळकांनीं भोरकडील जेधे देशमुखांच्या घरची शकावली प्रसिद्ध केली. तींत फाल्गुन वद्य ३ शके १५५१ ही तिथि निघाली. ती इ. स. १६३० च्या फेब्रुवारींत येते. मोठमोठ्या ग्रंथांनीं रूढ केलेली तारीख एका घरगुती टिपणानें हालविली. पुढें परमानंदाचें 'शिवभारत' हें संस्कृत काव्य सदाशिव महादेव दिवेकर यांनीं १९२७ सालीं प्रसिद्ध केलें, व समकालीन कवीच्या साक्षीनें जेध्यांच्या तिथीस बळकटी आली.

दुसरें उदाहरण संभाजी महाराजांचें. मल्हार रामराव चिटणिसांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बखर लिहिली, म्हणजे संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं. बखरकाराचा पूर्वज बाळाजी आवजी यास संभाजी महाराजांनीं देहान्त शासन केलें होतें. अशा घराण्यांतील लेखकानें रंगविलेलें चित्र काळें असणें स्वाभाविक आहे. सान्यांनीं ती बखर छापली, आणि नाटककार-कादंबरीकारांनीं तींतला रंग आणखी गडद केला. परंतु बखर छापली गेली म्हणूनच ती तपासतां आली. वा. सी. बेंद्रे यांनीं अनेक वर्षें देशोदेशींचे कागद धुंडाळून १९६० सालीं 'छत्रपति संभाजी महाराज' हा ग्रंथ सिद्ध केला व तें काळें चित्र पुसून काढलें. 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ रचणारा राजा निव्वळ व्यसनी असूं शकत नाहीं, हें संस्कृतज्ञांस तरी आधींच उमगावयास हवें होतें. छापलेली चूक दुरुस्त करतां येते. पेटाऱ्यांत राहिलेली चूक दंतकथा होऊन अमर होते.

( ७ )

आतां चित्रकथांविषयीं. हा प्रकार केवळ परकीय अनुकरण आहे असें मानणारांनीं १८७८ सालची आठवण करावी. ज्या वर्षीं 'काव्येतिहाससंग्रह' निघाला त्याच वर्षीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानें पुण्यास चित्रशाळा निघाली. रामपंचायतनाबरोबर नाना फडणविसांचें चित्रहि तिनें घरोघर पोंचविलें. साधनांचें मासिक आणि इतिहासाचें चित्र हीं जुळीं भावंडें आहेत. पुढें १९६७ सालीं अनंत पै यांनीं मुंबईंत 'अमर चित्रकथा' मालेस आरंभ केला, व राम वाईरकर, प्रताप मुळीक यांसारख्या चित्रकारांनीं पुराण व इतिहास मुलांच्या हातीं दिला. बत्तीस पानांच्या त्या पुस्तकांनीं जेवढीं मुलें इतिहासाकडे वळविलीं, तेवढीं क्रमिक पुस्तकांनीं वळविलीं असतील असें आम्हांस वर्गांतील अनुभवावरून वाटत नाहीं.

परंतु चित्रकाराची एक अडचण आहे, तिचा विचार क्वचितच होतो. लेखकास गप्प बसतां येतें. चित्रकारास बसतां येत नाहीं. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे १६६० सालीं झालेलें प्रयाण घ्या. लेखक लिहील, 'रात्रीं पालखी निघाली', आणि पुढें जाईल. चित्रकारास मात्र पालखीचा दांडा सरळ कीं वांकडा, भोयांच्या डोक्यावर काय, पावसांत मशाली होत्या कीं नव्हत्या, बाजी प्रभूंच्या हातीं कोणतें शस्त्र, याचा प्रत्येक चौकटींत निर्णय करावा लागतो. कागद जेथें मौन धरतो तेथें चित्रास बोलावें लागतें. आणि मूल तें बोलणें पुराव्याइतकेंच खरें मानून आयुष्यभर जवळ बाळगतें. प्रत्यक्ष शिवाजी महाराजांचें म्हणून एक चित्र दीर्घकाळ प्रचारांत होतें. तें दुसऱ्याच कोणाचें असल्याचें दाखवून बेंद्रे यांनीं १९३३ सालीं महाराजांचें अस्सल चित्र पुढें आणलें. त्यापूर्वींच्या पिढ्यांनीं कोणाच्या मुखाकडे पाहून हात जोडले, याचा विचार केला म्हणजे चित्र छापणाराची जबाबदारी ग्रंथ छापणाराहून अधिक आहे हें पटेल.

कोल्हापुरास ही जबाबदारी पेलण्याचें सामर्थ्य आहे. बाबूराव पेंटर यांनीं १९२३ सालीं 'सिंहगड' चित्रपट काढला तो याच गांवीं. पोशाख, शस्त्रें व वास्तु डोळ्यांसमोर उभ्या करण्याची कला येथील चित्रकारांच्या अंगवळणीं पडलेली आहे. विषयांचीहि वाण नाहीं. १७०० सालीं राजाराम महाराज निवर्तल्यावर औरंगजेबाशीं सात वर्षें झुंज चालविणाऱ्या ताराबाईंचें चरित्र घ्या. अप्पासाहेब पवार यांनीं संपादिलेलीं ताराबाईकालीन कागदपत्रें शिवाजी विद्यापीठानें छापलेलीं आहेत. म्हणजे साधन तयार आहे, कुंचला तयार आहे, दोघांची गांठ घालून देणारा प्रकाशक तेवढा हवा.

( ८ )

एवढ्या विवेचनावरून आजच्या स्वतंत्र प्रकाशकांस व त्यांच्या वाचकांस चार सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली सूचना मुळाविषयीं. छापलेला कागद कोणाच्या संग्रहांतला, अस्सल कीं नक्कल, मोडी कीं देवनागरी, संपूर्ण कीं त्रुटित, हें प्रत्येक वेळीं सांगावें. खरे-राजवाड्यांचे निष्कर्ष जुने झाले तरी त्यांचे खंड जुने होत नाहींत, याचें रहस्य एवढेंच आहे.

दुसरी चित्रकथांविषयीं. प्रत्येक चित्रकथेच्या शेवटीं एक पान राखून ठेवावें, व कोणतें चित्र कोणत्या आधारावर काढलें आणि कोठें केवळ कल्पनेचा आश्रय केला, हें मुलांस समजेल अशा भाषेंत लिहावें. त्यानें गोष्टीची गोडी कमी होणार नाहीं. 'हें आपण कशावरून म्हणतों?' हा प्रश्न दहाव्या वर्षीं ज्याच्या मनांत रुजला, तो पुढें कोणाच्याहि भडक व्याख्यानानें वाहून जाणार नाहीं.

तिसरी जतनाविषयीं. १९५४ च्या कायद्यानें प्रत्येक प्रकाशकानें आपल्या ग्रंथाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व आणखी ठराविक सार्वजनिक ग्रंथालयांस द्यावयाची असते. नियतकालिकांसहि तो कायदा पुढें लागू झाला. मोठे प्रकाशक हें करतात. लहानांस तो भुर्दंड वाटतो. परंतु दहा-वीस वर्षांनीं गोदामांतील गठ्ठे रद्दींत जातात आणि प्रकाशकाच्या घरींहि प्रत उरत नाहीं, तेव्हां या भुर्दंडाचें मोल कळतें. शिवाय एक प्रत आपल्या गांवच्या जुन्या वाचनालयास द्यावी. १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या संस्था आहेत, त्यांस अशी भेट जड होणार नाहीं. अंकावर महिना व वर्ष स्पष्ट छापावें. आणि नियतकालिक बंद करावयाचें झाल्यास शेवटच्या अंकांत तसें सांगून समग्र सूचि द्यावी. सूचि नसलेला संच म्हणजे किल्ली हरवलेला पेटारा.

चौथी सूचना वाचकांस आहे, आणि ती सर्वांत महत्त्वाची. स्वतंत्र प्रकाशकाचा राजा म्हणजे वर्गणीदार. 'काव्येतिहाससंग्रह' अकरा वर्षें चालला तो वर्गणीदारांनीं चालविला, आणि ज्या दिवशीं वर्गणी आटते त्या दिवशीं कोणतेंहि मासिक आटतें. अंक मित्राकडून वाचावयास आणून परत करणारा मनुष्य इतिहासप्रेमी असेल, परंतु तो इतिहासाचा पोशिंदा नव्हे. शाळांनीं, तालमींनीं, गणेशोत्सव मंडळांनीं आपल्या वर्षाच्या खर्चांतील अल्पसा भाग एखाद्या प्रामाणिक इतिहास-नियतकालिकाच्या वर्गणीस लाविल्यास मंडपाची शोभा उणी होणार नाहीं.

मिरजेच्या एका संस्कृत शिक्षकानें सत्तावीस वर्षांत बारा खंड काढले. आज जुळणी सोपी झाली आहे, छपाई जलद झाली आहे, कागदाची प्रतिमा क्षणांत घेतां येते. साधनांची सोय वाढली तशी प्रमाणाची शिस्त वाढली कीं घटली, याचें उत्तर प्रत्येक प्रकाशकानें आपल्या पुढील पुस्तकानें द्यावयाचें आहे. तें पुस्तक ग्रंथ असो, मासिक असो कीं बत्तीस पानांची चित्रकथा असो. 'नामूल' म्हणजे मुळावांचून कांहीं लिहूं नये हा टीकाकारांचा जुना दंडक त्या तिन्हींस सारखाच लागू आहे.